औषधालासुद्धा नाही

“मी शिकारी आहे,” असं माझ्या नवऱ्याने जाहीर केलं, त्याच्या आदल्याच दिवशी आमच्या बाथरूममध्ये झुरळ निघालेलं. ते मी चपलेने मारलं. शिकारी तेव्हा स्टुलावर उभा राहून “गेलं का? गेलं का?” विचारत होता.

शिकारी तो रक्ताने होता, असं त्याचं म्हणणं. ओ पॉझिटिव्ह. ठाण्याला एका हॉलमध्ये रविवारी ‘रक्तगटानुसार आहार’ असं शिबिर होतं. याचा गुडघा दुखतो म्हणून सकाळी फिरायला जाणाऱ्या त्याच्या मंडळींपैकी कुणीतरी त्याला नेलं, आणि घरून साबुदाण्याची खिचडी खाऊन गेलेला माणूस संध्याकाळी शिकारी होऊन परत आला. ओ गटाची माणसं मूळची शिकारी, त्यांच्या पोटाला मांसच लागतं, गहू आणि दूध त्यांच्या रक्ताला चिकटतं, असं त्याने मला चपला काढता काढता ऐकवलं.

“रक्ताला चिकटतं म्हणजे काय रे?”

“गोंद होतो.”

हा माणूस इंजिनियर आहे हो. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत जन्मभर मायक्रोमीटर घेऊन लोखंड मोजलं, केसाएवढा फरक पडला तर माल परत पाठवायचा. रिटायर झाला आणि रक्तात गोंद निघाला.

मी हसले. पण त्या हसण्याच्या तळाशी माझं एक जुनं दुखणं होतं, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा तोल गेला की माझ्या नावाने बोटं मोडू नका. माझी आई माझ्या घरी कधी जेवली नव्हती. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली. ती कळव्याला, मी डोंबिवलीला, मध्ये मुंब्रा, दिवा, कोपर, बस्स. ती यायची, अर्धा कप चहा घ्यायची, बिस्किटाला हात लावायची नाही, “जेवून आलंय गो” म्हणायची आणि पदर सावरत उठायची. मला एकदा, फक्त एकदा, तिला माझ्या टेबलाशी बसवून तिच्या आवडीचं पोटभर वाढायचं होतं. ते ज्या कारणाने झालं नाही, तेच कारण आता हा शिकारी पायाने उडवून द्यायला निघाला होता, आणि त्याच्या ते गावीही नव्हतं.

आम्ही खाडीकाठच्या जुन्या गावातले. आजोबांची भातशेती, उन्हाळ्यात मिठागरावर काम. नवऱ्याचं घराणं पिढ्यान् पिढ्या डोंबिवलीतलं, चातुर्मासात कांदासुद्धा उंबरठ्याच्या आत येत नसे. कंपनीत मी ऑफिसात टायपिंगला होते आणि हा नवाच लागलेला ट्रेनी. जमलं आमचं. त्याच्या घरच्यांनी थोडे आढेवेढे घेतले आणि एका अटीवर होकार दिला, की या घरात मासे-मटण शिजणार नाही. मला काही वाटलं नाही. प्रेमात माणसं आईबाप सोडतात, मी फक्त बोंबील सोडत होते, आणि तेही डोंबिवलीपुरते. कळव्याला गेले की आईच्या हातचं खायचे आणि हाताला लिंबू चोळून परत यायचे.

सासूबाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं. “आमच्याकडे अंडं औषधालासुद्धा सापडायचं नाही.” आल्यागेल्याला सांगायच्या, अगदी गॅसचा सिलेंडर घेऊन येणाऱ्यालाही सांगायला कमी करायच्या नाहीत. बाई वाईट नव्हत्या. मला उकडीचे मोदक त्यांनी शिकवले, माझ्या ‘पानी’चं ‘पाणी’ त्यांनी केलं, आजारपणात माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. पण नाकाने कांदे सोलण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

मग मला दिवस गेले. सातव्या महिन्यात असे कडक डोहाळे लागले की मला भिंतीच्या रंगातसुद्धा जवळा दिसायला लागला. सुक्या जवळ्याची चटणी, भरपूर कांदा, आमसूल, आणि तांदळाची गरम भाकरी. आईशी फोनवर बोलताना तोंडातून निघून गेलं. आमच्याकडे गरोदर लेकीच्या तोंडून असं काही निघालं की ते पुरवावंच लागतं, नाहीतर पोराची लाळ गळते म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आई दारात. हातात स्टीलचा पेढेघाटी डबा, वरून फडकं घट्ट बांधलेलं.

दार सासूबाईंनी उघडलं. जवळा काही लपणारा नव्हे. आई जिन्यात असतानाच त्यांना वास आला असणार.

“विहीणबाई, रागावू नका हं, पण आमच्याकडे औषधालासुद्धा नाही चालत.”

इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, की ऐकणाऱ्याला वाटावं हळदीकुंकवाचं बोलावणंच करतायत. डोंबिवलीत अपमान असेच होतात, साखर लावून. आई “बरं बरं” म्हणाली. तिने तो डबा बाहेर चपलांच्या मांडणीशेजारी ठेवला, आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली आणि चहा प्यायली. दार उघडंच होतं. मी सोफ्यावर बसून त्या डब्याकडे बघत होते, आणि पोटातलं पोर लाथा मारत होतं. माझा नवरा समोर पेपर वाचत होता. त्याने पेपर काही खाली केला नाही.

जाताना आईने चपला घातल्या, डबा उचलला आणि मलाच समजावलं, “आगो, मीच येडी. आनाला नको व्हता.”

ती गेल्यावर मी नवऱ्याजवळ रडले. एकदा, फक्त एकदा, आईला सांग ना, म्हटलं. त्याने माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाला, “अगं, डोहाळे वगैरेला काही शास्त्रीय आधार नसतो. मनाचे खेळ असतात ते. बाळाला वरणभात मिळतोय ना?”

शास्त्रीय आधार. हे दोन शब्द लक्षात ठेवा.

त्यानंतर आई जेवली नाही ती नाहीच. आधी म्हणाली, लेकीला पोर होईस्तोवर तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, आपली रीत हाय. मुलगी झाली. मग तिचे दात दुखायला लागले, मग उपवास निघाले, मग घरी पाहुणे. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाली, “लेकीच्या घरी मागून खाव नाय, पोरी. आनि मना तुज्याकरचा गोड वरन गिलत नाय.” दोघी हसलो आणि विषय संपला. सासूबाई गेल्या, त्यांचं वर्षश्राद्ध झालं, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, आता आईला एकदा बोलावून तिच्या पद्धतीचं करूया का? त्याचे डोळे भरून आले. “आईच्या माघारी तिची एवढी एक गोष्ट पाळूया ना गं.” पाळली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं आमचं घर सासूबाईंच्या माघारीही औषधालासुद्धा कोरडं राहिलं.

आणि आता हा म्हणतोय, मी शिकारी.

पुढच्या शिबिराला त्याने मलाही नेलं. नेलं म्हणजे काय, जोडीने आलात तर बरं, असं तिथल्या सरांनी सांगितलेलं. हॉल गच्च. सगळी आपली माणसं, गुडघेदुखीची, शुगरची, गॅसची, रिटायर्ड, शिकलेली. सर पांढऱ्याशुभ्र झब्ब्यात, कानाला माइक. चार गट, त्यांनी सांगितलं. ओ शिकारी, ए शेतकरी, बी गुरं घेऊन भटकणारे, एबी मिश्र. प्रत्येकाचं अन्न वेगळं, एकाचं अमृत ते दुसऱ्याचं विष, आणि एकाने दुसऱ्याच्या ताटातलं खाल्लं की रोग झालाच म्हणून समजा. सगळ्यांनी माना डोलावल्या. चार गट, जन्माने मिळालेले, बदलता न येणारे, आणि कुणी कुणाच्या ताटातलं खायचं नाही. आपल्या लोकांना ‘चार’ म्हटलं की पुढचं शिकवावंच लागत नाही, आपोआप येतं.

खोटं वाटेल, पण जेवणाच्या सुट्टीत पंगती रक्तगटाप्रमाणे बसल्या. चार कोपऱ्यांत चार टेबलं, प्रत्येकावर पाटी. नवराबायकोची ताटातूट. एक आजी ए आणि बीच्या मध्ये ताट घेऊन उभ्या, त्यांना आपला गटच आठवेना, आणि स्वयंसेवक त्यांना कुठल्याच पंगतीत घेईनात. सोवळं गेलं गेलं म्हणून आपण उगीच खूश होतो. ते फक्त कपडे बदलून आलंय. ओच्या टेबलावर माझा नवरा. हॉल शाकाहारी, त्यामुळे शिकाऱ्यांना त्या दिवशी मशरूमवर भागवावं लागलं. शिकारी काट्याने मशरूमचा पाठलाग करत होते.

मी ए निघाले. शेतकरी. सरांनी स्वतः मला सांगितलं, “ताई, तुमचं पोट शेतकऱ्याचं आहे. धान्य, डाळी, भाज्या. मांस-मासे तुमच्यासाठी विष.”

“माझे आजोबा खरोखरचे शेतकरी होते,” मी म्हटलं. “भात लावून झाला की खाडीत पाग टाकायचे. मासा नसेल त्या दिवशी ताटावरून उठायचे.”

“म्हणूनच,” सर म्हणाले.

म्हणूनच काय? आजोबा नव्वदीच्या पुढे गेले, ते म्हणूनच? पण सर पुढच्या ताईंकडे वळलेले. उचलली जीभ लावली टाळ्याला. मुलीला फोनवर सांगितलं, तर तिने लगेच शोधून काढलं की मूळच्या त्या पद्धतीत एवाल्यांना काही मासे चालतात. नवऱ्याने सरांना विचारलं. उत्तर आलं, ते तिकडचे मासे, इकडचे नाही चालत. आमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारलं, तर ते चष्म्यावरून बघत राहिले आणि म्हणाले, “रक्तगट रक्त देता-घेताना बघायचा असतो. भाजी घेताना नाही.” नवरा बाहेर येऊन मला म्हणतो, डॉक्टर लोकांना अपडेट नसतं.

आता मटण. पहिल्यांदा ते कुठून आणायचं हा प्रश्न. डोंबिवलीत कुणी बघितलं तर? म्हणून हा ठाण्याला जाऊन घ्यायचा, साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून, वर एक पेपर. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं. मग शिजवायचं कुणी? “तुला येतं ना,” म्हणाला. तीस वर्षांत एकदा तरी आठवलं होतं का बाबा, मला काय येतं ते? आणि कुठे शिजवायचं? देव्हारा स्वयंपाकघरात. त्याने स्वतः देव्हाऱ्याला छोटा पडदा शिवून आणला, चेन लावलेला, आणि मटणाच्या दिवशी देवांना त्याच्याआड ठेवायला लागला. हॉलमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलावरून सरळ दिसेल असा, सासूबाईंचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. त्याच्याकडे पाठ होईल अशी खुर्ची फिरवून तो जेवायला बसायचा.

“चव म्हणून नाही हं,” पहिला घास घेताना म्हणाला. “औषध म्हणून.”

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. औषध म्हणून. सासूबाई, ऐकताय ना? औषधालासुद्धा नव्हतं, ते औषध होऊन आलं, आणि तुमच्या लेकानेच आणलं. पोटुशी सून मागत होती तेव्हा ते मनाचे खेळ होते. याच्या गुडघ्यात कळ आली, तर त्याला शास्त्रीय आधार सापडला. आपला तो बाब्या, दुसरं काय!

पहिले काही दिवस त्याने एरंडेल प्यावं तसं तोंड करून खाल्लं. मग एकदा म्हणाला, जरा तिखट घाल. मग म्हणाला, खोबरं भाजून वाटतात ना गं? आणि मग एका रविवारी मी बघते तर गडी नळी चोखतोय. ताटावर ठाकठोक ठाकठोक. औषध घेणारी पुष्कळ माणसं मी बघितली आहेत, पण गोळी फोडून आतला मगज चोखणारं कुणी बघितलेलं नाही. गुडघा बरा वाटायला लागला, हेही खरं. त्याने फरसाण आणि रात्रीची आइसक्रीमं बंद केलेली, चार किलो वजन उतरलेलं, त्यामुळे बरा वाटत होता. पण मान रक्तगटाला.

मी त्यातलं काही खाल्लं नाही. तुम्ही म्हणाल, तुला कुणी अडवलेलं? कुणीच नाही. हा नुसता “तुझा ए आहे हं” म्हणायचा, त्याला मी भीक घातली नसती. पण मला ते औषधाच्या वाटेने नको होतं. पुढच्या दाराने ज्याला येऊ दिलं नाही, त्याने मोरीच्या खिडकीतून यावं आणि मी पान वाढावं? माझा मान होता तो. मी वरणभात खाल्ला आणि त्याचं भांडं घासलं.

आणि मग कळव्याला भावाकडे लाद्या बदलायचं काम निघालं. घरभर धूळ, आईला दमा. भाऊ म्हणाला, आठवडाभर तुझ्याकडे पाठवू का? मी “हो” एवढ्या जोरात म्हटलं की शेजारचं दार उघडलं. आईशी बोलले. तिने आधी लाद्यांच्या धुळीचं सांगितलं. मग हळूच म्हणाली, “तुजा घोव मटन खातो म्हनं.”

“खातो.”

“आता चालतंय का गो तुज्या घरान?”

“चालतं आई. सगळं चालतं.”

“मंग येतय.”

मला काय आनंद झाला सांगू! मी तांदळाचं पीठ दळून आणलं, आमसुलं आणली, आईला बसायला उंच खुर्ची भावजयीकडून मागवून घेतली. नवराही खूश होता. मला वाटलं, माझ्या आनंदाने खूश आहे. पण त्याने माझ्या भावाला फोन करून काय विचारलं असेल? आईचं मागे ऑपरेशन झालेलं, तेव्हाचा रक्तगट. ए पॉझिटिव्ह. “तुझ्यासारखाच,” मला सांगताना डोळे चमकत होते त्याचे. “या वयात एवाल्यांनी मासे खाणं म्हणजे दम्याला आमंत्रण. आठवडाभर इथे आहेत तर आपण त्यांना लाइनवर आणू.”

“ती जन्मभर खात आलीय.”

“म्हणून तर दमा झाला.”

“माझ्या आईला काही बोलायचं नाही,” मी म्हटलं. “एक अक्षर नाही. बजावून ठेवते.”

“मी कशाला बोलू? मी फक्त माहिती देणार.”

ती आली त्या दिवशी मी ओट्याशी होते, भाकरीची उकड मळत. भाऊ तिला लिफ्टपर्यंत सोडून गेलेला. बेल वाजली. माझे हात पिठात, म्हणून दार नवऱ्याने उघडलं. मला वास आला. आतपर्यंत आला. जवळा काही लपणारा नव्हे.

मी हात तसेच घेऊन बाहेर धावले. आई दारात उभी. चांगली वाकलीय आता, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी, आणि पिशवीत तोच पेढेघाटी डबा. कडेला चेपलाय, पण तोच. फडकं बांधलेलं. तिने फोनवर एवढंच विचारलेलं, चालतंय का, आणि मी सगळं चालतं म्हटलेलं. तिने ते मनावर घेतलेलं. माझे राहून गेलेले डोहाळे पुरवायला आलेली माझी आई.

आणि नवरा दार अर्धं धरून, मान कलती करून, अगदी गोड आवाजात तिला सांगत होता, “आई, रागावू नका हं, पण तुमचा ए गट आहे. तुम्हाला हे नाही चालत.”

आवाज त्याच्या आईचा होता. शब्दसुद्धा. रागावू नका हं.

आईने वाद घातला नाही. ए गट म्हणजे काय, असंही विचारलं नाही. “बरं बरं” म्हणाली, काठीवर भार देत वाकली आणि डबा बाहेर चपलांच्या मांडणीशेजारी ठेवला. मांडणी बदललीय मधल्या वर्षांत, आता दार असलेलं लाकडी कपाट आहे, पण तिला जागा बरोबर ठाऊक होती. ठेवला, सरळ झाली आणि माझ्याकडे बघून हसली. काय हसायचं होतं त्यात?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आजवर नवऱ्यावर आवाज चढवलेला नाही असं नाही, पण दार उघडं ठेवून, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा कधी चढवला नव्हता.

“लाज नाही वाटत? ती एकदा त्या दारातून परत गेली तेव्हा तू पेपर वाचत होतास! तेव्हा तुझ्या आईचं सोवळं होतं. आता आई नाही, तर तू नवीन सोवळं शोधून आणलंस? स्वतः नळ्या फोडतोस आणि माझ्या आईला दारात ए-बी-सी-डी शिकवतोस?”

“अगं, मी त्यांच्याच भल्यासाठी...”

“भलं राहू दे तुझ्याकडे. सरक.”

तो सरकला. मी पिठाच्या हातांनी डबा उचलला. आई म्हणत होती, “र्‍हाव दे गो, र्‍हाव दे, कशाला भांडतस,” आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. मी डबा घेऊन हॉलमधून गेले, सासूबाईंच्या फोटोसमोरून गेले, स्वयंपाकघरात टेबलाच्या मधोमध ठेवला आणि फडकं सोडलं. नवरा मागोमाग आला आणि सवयीने देव्हाऱ्याच्या पडद्याकडे हात नेला.

“हात लावू नकोस त्याला,” मी म्हटलं. “उघडा राहू दे. हे काही औषध नाही लपवून घ्यायला. जेवण आहे. माझी आई जेवणार आहे.”

आईला मी त्या उंच खुर्चीत बसवलं. तवा तापलेला होताच. पहिली भाकरी टम्म फुगली, ती तिच्या ताटात घातली, बाजूला जवळा. चटणीत कांदा किती होता, आमसूल किती, मला बघूनच कळलं. जन्मभर तीच चटणी. ती खाली मान घालून बसलेली. ताटाला हात लावेना. मग तिने एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. मी माझं ताट घेऊन तिच्याशेजारी बसले. जवळ्याचा पहिला घास तोंडात गेला आणि मला हुंदका आला. घास चुकीच्या नळीत गेला, मग खोकला. आईने माझ्या पाठीवर थोपटलं, दमा तिला आणि खोकतेय मी.

नवरा समोर उभा होता. काय करावं ते त्याला सुचत नसलं की तो फोन काढतो. काढला. बहुतेक ओ गटाला जवळा चालतो का, ते बघत असावा. आईने त्याच्याकडे नजर वर केली.

“जावयबापू, तुमीपन घ्या थोरासा,” ती म्हणाली. “औषद म्हनून.”

भोळेपणाने म्हणाली की चिमटा काढला, मला आजतागायत कळलेलं नाही. मी तिला विचारलंही नाही. नवऱ्याने मात्र फोन खिशात ठेवला. खुर्ची ओढली, फोटोकडे पाठ न करता बसला आणि ताट पुढे केलं. मी त्याला लगेच वाढलं नाही. उठून पुढची भाकरी तव्यावर टाकली.

आईचं ताट रिकामं झालेलं. बोटाने ती कडेचा जवळा पुसून घेत होती. मग मान वर न करता, ताट थोडंसं माझ्याकडे सारत, ती म्हणाली,

“आजून एक भाकर हाय का गो?”